एक दात मागे

मिस्त्रीची ताई त्या मंगळवारी गॅरेजमध्ये आली ती हातात वही घेऊनच. एरवी ती गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावायची, आत येऊन चहा घ्यायची आणि मग कामाचं बोलायची. आज तिनं गाडी थेट आत घेतली, बॉनेट उघडलं आणि किल्ली भावाच्या हातात ठेवली.

"काल घाटात गाडीनं दम सोडला," ती म्हणाली. "दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा चढेना. पाठीमागं ट्रकांची रांग, आणि मागच्या सीटवर हे आडवे. डायलिसिस झाल्यावर त्यांना धड बसवतसुद्धा नाही. अख्ख्या चढावर काटा वीसच्या पुढं गेला नाही रे."

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. "फिल्टर चोंदला असेल."

"बघ. पण फिल्टर महिन्यापूर्वी तूच बदललायस."

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिनं उभा जन्म काढला होता. तासातासाला मीटर वाचायचे, आकडे लिहायचे, आणि एखादा आकडा जागचा हलला की साहेबांची झोप मोडायची. नोकरी संपली तरी तो नाद सुटला नव्हता. डिझेल भरलं की किती लिटर आणि किती किलोमीटर हे ती पंपावरच उभी राहून वहीत टिपायची. मिस्त्री तिची त्यावरून चेष्टा करायचा. भावोजी तर म्हणायचे, "माझं वजन आणि गाडीचं डिझेल, दोन्ही हिच्या वहीत. आमच्या दोघांत आधी कोण जाणार ते हिलाच पहिलं कळेल."

गाडी बावीस वर्षांची होती. भावोजींनी धडधाकट असताना हौसेनं घेतलेली. आता त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना घाटापलीकडच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. जायला साठ किलोमीटर, यायला साठ. एक फेरी चुकली तर पाय सुजायचे, दुसरी चुकली तर श्वासाची पंचाईत. पुढची फेरी उद्या, बुधवारी. सकाळी सातला निघायचं होतं.

मिस्त्री कामाला लागला. एअर फिल्टर काढून झटकला, त्यातून धूळसुद्धा पडली नाही. चारी चाकांची हवा मोजायला त्यानं ताईलाच लावलं. गाडी जॅकवर चढवून त्यानं एकेक चाक हातानं फिरवलं. ब्रेक कुठं धरून बसला असता तर चाक जड गेलं असतं, पण चारी सैल फिरली. डिझेलच्या नळ्या त्यानं टाकीपासून पंपापर्यंत बोटांनी चाचपल्या. कुठं ओल नव्हती. मग इंजिन चालू ठेवून डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलची नळी जराशी ढिली केली. दरवेळी इंजिन सारखंच अडखळलं, म्हणजे चारही नोझल आपापलं काम चोख करत होते.

हे सगळं करता करता बारा वाजले.

"ताई, रागावू नकोस," तो म्हणाला, "पण तुझा पाय जड झालाय. घाबरून तू दाबूनच धरतेस."

ताईनं वही उघडून त्याच्यापुढं धरली. "वाच."

"तूच वाच. माझे हात काळे आहेत."

"हातानं वाचायचंय का?" ती पुटपुटली, पण वाचू लागली. "एकोणीस. साडेअठरा. एकोणीस. परत एकोणीस. हे सगळं बेल्टच्या आधीचं. इथं रेघ मारलीय, दोन महिन्यांपूर्वी या दिवशी तू टायमिंग बेल्ट बदललास. त्यापुढं साडेचौदा. चौदा. चौदा. साडेतेरा. माझा पाय काय एका रात्रीत जड झाला?"

इंजिन अजून चालूच होतं. मिस्त्रीनं त्याच्याकडं मान वळवली. "आवाज तरी ऐक. लोण्यासारखं चालतंय. बेल्ट बदलल्यावर तूच म्हणाली होतीस, खडखड कमी झाली म्हणून."

"म्हणाले होते. तेव्हा बरं वाटलं. पण ही बया बावीस वर्षं खडखडत एकोणीसचं अ‍ॅव्हरेज देत होती. आता गपगुमान चालते आणि चौदा देते. सकाळी चालू केली की पांढरा धूर सोडते, डोळ्यांची आग होते. पंपघरात एखादा पंप अचानक शांत झाला तर आम्ही खूश नाही व्हायचो. धावत जाऊन बघायचो."

मिस्त्रीनं हात लांब करून इंजिन बंद केलं.

ती बोलली त्यात नवीन काही नव्हतं. डिझेल उशिरा फवारलं गेलं की इंजिन मऊ वाजतं, सकाळी धूर टाकतं, चढावर दम सोडतं आणि वर डिझेलही जास्त पितं. कामाला लागून सहा महिने झालेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. त्याला तर चाळीस वर्षं झाली होती. दोन महिने तो आवाज त्याच्या कानाशी होता आणि तो त्याचं कौतुक करत बसला होता. कारण शंका घ्यायची म्हणजे बेल्टचं झाकण उघडायचं, आणि झाकणाच्या आत त्या खुणा होत्या.

टायमिंग बेल्ट तीन पुल्यांवरून फिरतो. खाली क्रँकची, म्हणजे पिस्टनांच्या दांड्याची, वर वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची आणि बाजूला डिझेल पंपाची. तिन्ही पुल्यांवर दाण्याएवढा एकेक ठिपका ठोकलेला असतो. तो इंजिनावरच्या रेघेसमोर आला की बेल्ट चढवायचा. पंपाची पुली आतल्या स्प्रिंगच्या जोरानं बेल्ट चढवता चढवता मागं सरकू पाहते. एक दात मागं राहिली तरी इंजिन चालतं, आणि चालतं म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

गेलं वर्षभर त्याला दिव्याभोवती कडं दिसत होतं. आधी त्याला वाटलं, बल्ब जुना झाला. त्यानं एकामागून एक तीन बल्ब बदलले. पेपर तो बायकोकडून वाचून घेऊ लागला, चहा पिताना ऐकायला बरं वाटतं असं सांगून. नटबोल्टांना डोळे लागत नव्हते. कुठला पाना कुठं बसतो हे बोटांना पाठ होतं. फक्त ते ठिपके. एकाचे दोन व्हायचे, दोन्ही पुसट, आणि खरा कुठला ते तो मनाशी ठरवून टाकायचा.

जेवायला न जाता त्यानं झाकण उघडलं. ताई बाजूला स्टूल घेऊन बसली होती. तिनं बसायला नको होतं असं त्याला फार वाटत होतं, पण थोरल्या बहिणीला ऊठ म्हणायची सोय नव्हती.

क्रँकच्या नटला पाना लावून त्यानं इंजिन हळूहळू फिरवलं आणि थांबला. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पंपाची पुली पुसली. दिवा जवळ आणला, मग लांब नेला. डोकं वाकडं केलं. पुसट चकाकीत एक काळसर डाग आणि त्याच्या शेजारी त्याची सावली दिसली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खूण जुळतेय. बेल्टचं काही नाही."

ताई उठली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली.

"कुठं जुळतेय?" तिनं विचारलं.

"ही काय."

"तू बोट ठेवलंयस तो गंजाचा ठिपका आहे. खूण इथं आहे, तुझ्या बोटाच्या अलीकडं. रेघेपासून एक दात मागं."

मिस्त्रीनं बोट काढलं नाही.

"तुला दिसत नाही," ताई म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, मीटरवरचा आकडा सांगावा तसं.

"दिसतं. उजेड कमी आहे."

"दुपारचा दीड वाजलाय."

तो स्टुलावर बसला. "वर्ष झालं," तो शेवटी म्हणाला. "घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळीकडं झालं असतं. आंधळ्या मिस्त्रीकडं गाडी कोण देणार?"

"आणि मी देत होते. यांना मागं झोपवून." तिचा आवाज चढला नाही, त्यानंच त्याला जास्त लागलं. "काल घाटात मी काय काय म्हणाले असेन तुला सांगू? ट्रकवाला हॉर्न देतोय, हे मागून विचारतायत पोचलो का, आणि मी स्वतःलाच शिव्या देतेय, की मला गाडी चालवता येत नाही. दोन महिने मला वाटतंय माझंच चुकतंय."

तो म्हणाला, "स्टँडाजवळच्या गॅरेजात नेऊ. तिथला पोरगा चांगला आहे."

"त्याला मी सकाळी इथं येतानाच विचारलं. परवाच्या आधी तो बॉनेटसुद्धा उघडणार नाही. आम्हाला उद्या सातला निघायचंय." तिनं पदर खोचला. "काय बघायचं ते तू सांग. मी बघते."

तिनं आधी दुसरीकडं विचारलं होतं, हे त्याच्या मनाला बोचलं. पण तो उठला.

काम नाजूक होतं, अवघड नव्हतं. त्यानं ताण देणारी पुली सैल केली, बेल्ट उतरवला आणि पंपाची पुली पान्यानं धरून कणाकणानं पुढं आणली. "सांग."

"अजून. अजून थोडी. थांब. नाही, मागं गेली."

"स्प्रिंग मागं ओढतेय. मी धरून ठेवतो, तू नजर काढू नकोस."

"आता आली. बरोबर रेघेसमोर."

बेल्ट उतरवला होता तेव्हा वरची कॅमची पुलीही वॉल्व्हच्या दाबानं किंचित हलली होती. ती त्यानं स्वतःच नखानं चाचपून जागेवर आणली. ठिपक्याचा खळगा नखाला लागला. "ही झाली," तो म्हणाला आणि बेल्ट चढवला. ताण दिला.

"आता दोन फेरे हातानं फिरवायचं," त्यानं सांगितलं. "स्टार्टर मारायचा नाही. आत काही चुकलं असेल तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो वाकवूनच थांबतो."

"काय वाकवून?"

"वॉल्व्ह. पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्ह मिटलेला पाहिजे. उघडा राहिला तर दोघांची टक्कर. मग इंजिनाचं अख्खं वरचं हेड उतरवा, आठ दिवस गाडी उभी."

ताईनं घड्याळाकडं पाहिलं. चार वाजायला आले होते.

त्यानं क्रँकला पाना लावला आणि फिरवायला सुरुवात केली. इंजिन उसासे टाकत फिरत होतं. हवा दाबली जायची तिथं पाना जड व्हायचा, मग सुस्कारा सुटून हलका. अर्धा फेरा. पाऊण. पुन्हा जड.

"अडकलं वाटतं," ताई म्हणाली. "थांब, मीपण जोर लावते." तिनं पान्याच्या टोकावर हात ठेवला.

"हात काढ."

तो इतका हळू बोलला की तिनं चटकन हात मागं घेतला. मिस्त्री डोळे मिटून उभा होता. हवेचा दाब उशीसारखा असतो, आत जातो आणि परत ढकलतो. हे तसं नव्हतं. हे भिंतीसारखं होतं. लोखंडाला लोखंड टेकलं होतं. त्याच्या मनगटात अजून जोर होता, आणि मघाशी ताईनं जोर लावला असता तर उद्याची फेरी तिथंच संपली असती.

घाम त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं पाना केसभर मागं घेतला, मग आणखी थोडा, इंजिन खुणेवर परत येईपर्यंत.

"वरची पुली बघ," तो म्हणाला. "कॅमची."

ताई वाकली. "ठिपका रेघेच्या पुढं गेलाय. एक... दोन दात."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. रेघेसमोर आहे तो नुसता टोचा आहे, कुणीतरी हातोडी मारल्यासारखा."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

"तू बघायला सांगितलं नाहीस. तू म्हणालास, ही झाली."

खरं होतं. वर्षभर लपवलेलं कबूल करून तीन तासही झाले नव्हते, आणि पुन्हा त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्याला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षांत हाताखालचं इंजिन त्यानं कधी मोडलं नव्हतं, आणि आज आपल्याच बहिणीसमोर ते मोडण्यापासून दोन इंचांवर आलं होतं.

"सगळं परत उतरवायचं," तो म्हणाला. "आणि या वेळी तिन्ही तू बघायच्या. मी म्हटलं झाली, तरी ऐकायचं नाही."

तिन्ही पुल्या पुन्हा जागेवर आल्या. ताईनं प्रत्येक खूण दोनदा पाहिली, रेघेवर नख ठेवून, मोठ्यानं बोलत: क्रँक बरोबर, कॅम बरोबर, पंप बरोबर. बेल्ट चढल्यावर पुन्हा एकदा. मग त्यानं पाना लावला. जिथं अडलं होतं त्या जागेपाशी त्याचा हात आपोआप थांबला. त्यानं श्वास रोखून पुढं ढकललं. उशी. आत गेली, सुस्कारा सोडून मोकळी झाली. एक फेरा, दोन फेरे. खुणा परत समोर.

तरी धाकधूक संपली नव्हती. मघाच्या त्या टेकण्यानं एखादा वॉल्व्ह वाकला असेल तर ते इंजिन चालू झाल्यावरच कळणार होतं. ताई गाडीत बसली. त्यानं इंजिनावर तळहात ठेवला आणि मान हलवली.

स्टार्टर घरघरला. एकदा, दोनदा, आणि इंजिनानं असा खडखडाट केला की भिंतीवरचे पाने वाजू लागले. मिस्त्री ऐकत राहिला. एक, दोन, तीन, चार. चारही सारखे. एकही लंगडत नव्हता. धूर निघाला तो मिनिटभरात विरला.

ताई काचेतून काहीतरी म्हणाली, त्याला ऐकू आलं नाही.

"काय?"

"म्हटलं, आली आपली बया परत."

तो हसला नाही. इंजिन बंद झाल्यावर तो म्हणाला, "ताई, थांब जरा. वर्षभरात मी आणखी चार गाड्यांचे बेल्ट घातलेत. नंबर कपाटावरच्या रजिस्टरमध्ये आहेत. वाचून दाखव."

ती नंबर वाचत गेली आणि तो फोन लावत गेला. पहिली टॅक्सी होती, दुसरी भाजीवाल्याचा टेम्पो, तिसरी एका शिक्षिकेची गाडी. तिघांनाही तो एकच वाक्य म्हणाला. "मी घातलेला बेल्ट मला परत तपासायचाय, माझ्या नजरेत दोष आहे, तोवर गाडी लांब नेऊ नका." टॅक्सीवाल्याला आधी ती थट्टाच वाटली. शिक्षिका म्हणाली, उद्या-परवा आणते.

चौथा पाववाला. त्याच्या बापाचीही गाडी मिस्त्रीकडंच यायची.

"ती ना," पाववाला म्हणाला, "ती मागंच बंद पडली, काका. तुम्ही बेल्ट घातल्यावर पंधरा दिवसांनी. वॉल्व्ह वाकले होते. दुसरीकडून करून घेतली."

"मला का नाही सांगितलंस?"

पलीकडून भट्टीवरच्या भांड्यांचे आवाज येत राहिले. "वडील म्हणाले, जाऊ दे. माणूस थकला, आता त्याला कशाला बोलायचं."

मिस्त्रीनं फोन खाली ठेवला. ताईनं स्टोव्हवर चहा टाकला.

बुधवारी सकाळी तोही गाडीत बसला, ताईच्या शेजारी. घाटाच्या पायथ्याशी ताईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेलं त्याला दिसलं. तिसरा गिअर. पहिलं वळण. दुसरं. काटा चाळीसवरून हलला नाही. पुढं एक ट्रक हळूहळू चालला होता. ताईनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि त्याला मागं टाकलं.

"जरा बेतानं," भावोजी मागून म्हणाले. "मला हॉस्पिटलात पोचायचंय, पण इतक्या घाईनं नको."

गुरुवारी तिन्ही गाड्या आल्या. ताई स्टुलावर बसून खुणा वाचत होती. टॅक्सी आणि शिक्षिकेची गाडी बरोबर निघाल्या. टेम्पोचा पंप एक दात मागं होता. भाजीवाला म्हणाला, हल्ली माल कमी भरला तरी डिझेल जास्तच लागत होतं, त्याला वाटलं मुलगाच टाकीतून काढतो. दोनदा त्याच्यावर हात उगारला होता म्हणे. हे ऐकून मिस्त्री पाना ठेवून मागच्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

शुक्रवारी, भावोजींना मशीनला लावून झाल्यावर, ताई त्याला हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या विभागात घेऊन गेली. बाकावर सातआठ माणसं होती. दार अर्धं उघडं होतं आणि आत अक्षरांचा तक्ता वाचणाऱ्या माणसाचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता. मिस्त्रीच्या आधी तिघं आत गेले. तिघांनीही तीच खालून तिसरी ओळ वाचली. र, म, ट, क, ल, ग. तिसऱ्या वेळेपर्यंत मिस्त्रीला ती तोंडपाठ झाली होती. पाठ करायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं, ती आपोआप कानात बसली.

त्याला खुर्चीत बसवून डॉक्टरबाईंनी त्याचा एक डोळा झाकला. "खालून तिसरी ओळ वाचा."

समोर पांढरा चौकोन होता आणि त्यावर धुरकट मुंग्या. र, म, ट. ओठांवर अक्षरं आली होती. वाचली असती तर डोळे ठीक आहेत, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय, असं म्हणून त्याला घरी पाठवलं असतं. सोमवारी गॅरेज उघडलं असतं. ताई दारात उभी होती, तिनंही ती ओळ बाहेर तीनदा ऐकली होती.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"त्याच्या वरची?"

"तीही नाही."

"मग कुठली दिसते?"

"सगळ्यात वरचं मोठं अक्षर," मिस्त्री म्हणाला. "तेसुद्धा दोन दिसतायत."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसरा डोळा झाकला.